सव्वा मूठ गहू

कानबाई देवीच्या नैवेद्याच्या रोटांसाठी सासूबाई गहू मोजत होत्या. घरातल्या प्रत्येकाच्या नावानं सव्वा मूठ, दाणा कमी नाही, जास्त नाही. रोट भाऊबंदकीबाहेर कुणाला द्यायचे नाहीत. सुनिता सूप धरून होती. धुळ्याच्या बालगृहातून तिनं दत्तक घेतलेली दहा वर्षांची मुलगी परवा पारोळ्याला येणार होती. खाट आली, दप्तर आलं, पण "इतली मोठी पोर आपली कशी व्हई?" म्हणणाऱ्या सासूबाईंनी दोन महिन्यांत तिचं नावसुद्धा विचारलं नव्हतं. आबा सासऱ्यांची, स्वतःची, लेकाची, सुनेची मूठ सुपात पडली. सणाला माहेरी आलेली नणंद पोतं बांधायला उठली. "थांब," म्हणत सासूबाईंनी पुन्हा हात घातला, भरली मूठ सुपावर धरली. "पोरनं नाव काय शे?" "कस्तुरा!" सुनिता गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडली. सव्वा मूठ झाली. सासूबाईंनी आणखी एक टाकली. "वाढतं आंग शे तिनं."