केकचा पूल

जयमालाबाईंच्या निरोप समारंभाला बेलापूरच्या ऑफिसातल्या पोरींनी हौसेने पुलाच्या आकाराचा केक आणला. नेपाळच्या सीमेवरच्या नदीवर हा पूल व्हावा म्हणून बाईंनी अख्खी नोकरी नकाशे काढण्यात घालवली होती. पूल कायमचा रद्द झाल्याचं सकाळीच कळलं. पण केक आधीच सांगितलेला. "मॅडम, कापा ना, क्रीम वितळतंय," ईश्वरी म्हणाली. बाई हसल्या. "बरोब्बर नदीच्या मधोमध कापते गं, म्हणजे दोन देशांत भांडण नको." तेवढ्यात नेपाळहून थापासाहेबांचा फोन आला. पुलाचं पलीकडचं टोक त्यांनी आखलेलं. म्हातारे अजूनही चौकशी करायचे. त्यांना आता हे कोणत्या तोंडाने सांगायचं? ईश्वरीने फोन बाईंच्या कानाला धरला, तोवर सुरी फिरलीसुद्धा. पूल दुभंगला. टाळ्यांचा कडकडाट झाला. "मॅडम, तालियाँ? अपना पुल मंजूर हो गया?" म्हातारे हरखून ओरडले. टाळ्या थांबूच नयेत, असं बाईंना वाटलं.