कोरा चहा

डॉक्टर वैभवींनी उत्तराच्या पायाची पट्टी सोडली. विळी लागून झालेली जखम महिना उलटला तरी ओलीच होती. त्यांनी रक्ताचा रिपोर्ट पुन्हा पाहिला.

"काकू, बी-ट्वेल्व्ह फारच कमी आहे. दूध-दही घेत नाही का?"

"यांच्या बायपासच्या वेळी देवाजवळ सोडलं," उत्तरा म्हणाली. "हे उठून बसले. आता कोणत्या तोंडानं घेऊ?"

शेजारच्या खुर्चीत तिचा नवरा केशव चष्मा पुसत होता.

"बी-ट्वेल्व्ह इतकं कमी असलं की रक्तातल्या पांढऱ्या पेशीही कमी व्हायला पाहिजेत. तुमच्या तर भरपूर दिसतात." डॉक्टरांनी तिचा सुजलेला गोल चेहरा पाहिला, दंडावरचे निळे डाग पाहिले. "गुडघेदुखीसाठी एखादी पुडी घेता का? काही पुड्यांत स्टेरॉइड असतं. मूत्रपिंडावरच्या ग्रंथीत बनतं ना, तसंच. त्यानं पेशी रक्तात गर्दी करतात, पण जखमेकडे जात नाहीत. सगळे पोलीस चौकात उभे, अन् चोरी झाली त्या घरी कोणीच नाही."

"मी पुडीले हात लावत नाही. यांनी बुटीबोरीच्या एका वैद्याकडून आणली होती. मी तेव्हाच नाही म्हटलं."

केशवने चष्मा डोळ्यांवर चढवला, पुन्हा काढला. काचा केव्हाच स्वच्छ झाल्या होत्या.

"खरं सांगा काकू. अशी पुडी एकदम बंद झाली तर जिवावर बेतते."

उत्तराने पदर सारखा केला.

"मी नाही घेत, मॅडम. हे चहात टाकतात."

केशवने झटकन मान वर केली. "तुले माहीत होतं?"

"कोऱ्या चहात तळाशी पांढरं दिसते ना. लपवायले दूध कुठं आहे?"

"मंग बोलली काहून नाही?"

"लग्नानंतर पहिल्यांदा मले आयता चहा भेटून राहिला होता. बोलली असती तर तो बंद झाला असता."

केशव पुन्हा चष्मा पुसू लागला.

डॉक्टर लिहू लागल्या. "आजपासून पुडी नाही. तिच्या जागी मी गोळी देते, ती हळूहळू कमी करू. बी-ट्वेल्व्हची इंजेक्शनंही घ्या. त्यानं नवस मोडत नाही."

नर्सने नवी पट्टी बांधली. उत्तरा उठली, पण तिथेच थांबली.

"अन् चहा?" तिने विचारलं. केशवला नाही, डॉक्टरांना.