पावलाला पाऊल

पंचगंगेवरचा पूल ओलांडताच मी वळून हाक मारली, "ए इंजिन, चल की लवकर!"

ऋजुताने नुसता हात हलवला. ती आणि शमा एकच काकडी वाटून खात होत्या. कोल्हापूर ते पन्हाळा पायी, वीस किलोमीटर, हा माझा आणि ऋजुताचा शाळेपासूनचा बेत. दहा वर्षं रोज तिच्यासोबत शाळेत चालत गेले ती मी. शमा ऋजुताच्या ऑफिसात येऊन जेमतेम चार महिने झालेत.

शमा तर माझ्याएवढीच उंच, मग तिला मागे रेंगाळायचं कारण काय? मी वेग वाढवला. त्यांचं हसणं ऐकू येईनासं झालं तरी वळून पाहिलं नाही.

गडावर झुणका-भाकरी खाताना ऋजुता म्हणाली, "फोन काढा गं, कुणाची किती पावलं झाली बघू."

माझी सत्तावीस हजार. बुटक्या ऋजुताची एकतीस हजार चारशे, म्हणजे अपेक्षेप्रमाणे. शमाची मात्र एकतीस हजार तीनशे.

"तुझा फोन चुकतोय," मी म्हणाले. "आपली उंची सारखी आहे."

"चुकतोय कुठला!" शमाने बुक्कीने कांदा फोडला. "हिच्या पावलाला पाऊल जुळवत आले. नाहीतर हिला पळावं लागतं."



'इंजिन' हे नाव मीच ठेवलं होतं, ऋजुता रोज शाळेत धापा टाकत पोचायची म्हणून. आज गडावर मात्र ती गप्पा मारत पोचली होती.