बाबांची ट्रॉली

वडील गेल्यावर त्यांची पुस्तकं वाचनालयाला द्यायची, तर टेम्पोनं नाही, बाबांनी मोटारसायकलमागं जोडायला स्वतः वेल्डिंग करून बनवलेल्या ट्रॉलीतूनच, असा मनस्विनीचा हट्ट होता. "वळण रुंद घ्यायचं आणि सारखं मागं बघायचं नाय," हा बाबांचा धडा तिला पाठ होता. बजाजनगरहून क्रांती चौकापर्यंत तिनं प्रत्येक वळण रुंद घेतलं, गतिरोधकावर गाडी जवळजवळ थांबवली आणि मागच्यांचे हॉर्न निमूट ऐकून घेतले. काय हात होता बाबांचा, मागं एवढं ओझं आहे हे जाणवतसुद्धा नाही, या विचारानं तिला हेल्मेटच्या आत रडूही येऊन गेलं.

वाचनालयासमोर उतरून पाहिलं, तर मागं ट्रॉलीच नव्हती. मोबाईलवर शेजारच्या मंजुषाकाकूंचे नऊ मिस्ड कॉल होते. तिनं फोन लावला.

"अगं, ट्रॉली इथंच दारात हाय! जोडाची पिन लावायची राहिली ना? लई हाका मारल्या, पण तू मागं बघशील तर शपथ!"

"तरीच म्हटलं, इतकी छान कशी चालवतेय मी! आलेच, काकू."

तिनं मोटारसायकल परत फिरवली. ते वळणही तिनं रुंदच घेतलं.