दोन शहरांची शिवण

भांडून घर सोडलेला मुलगा ज्या परक्या शहरात राहत होता, त्याच शहराशी आपल्या शहराची मैत्री जोडायची, असं शिंपीकाकांनी मनाशी पक्कं केलं. कारण मात्र कुणाला सांगितलं नाही. शिलाईमशीन झाकून ते दारोदार फिरले, गल्लोगल्ली सभा घेतल्या.

"काका, इथे आपली गटारं तुंबलीत आणि तुम्ही सातासमुद्रापार सोयरीक जुळवताय!" म्हणून लोक हसले, तरी त्यांनी पिच्छा सोडला नाही. अखेर दोन्हीकडून होकार आला आणि तिकडचे पाहुणे इकडे आले. त्यांत मुलगा नव्हता.

तिकडे स्थायिक झालेल्या एक मराठी बाई काकांकडेच उतरल्या. मुलाची खोली काकांनी त्यांच्यासाठी झाडूनपुसून लख्ख केली होती. चहा देता देता, नातं न सांगता, त्यांनी मुलाचं नाव घेतलं. "याला ओळखता का हो?"

"म्हणजे काय! त्याच्यामुळेच तर आमचे लोक तयार झाले," बाई खुलल्या. "मागच्या वर्षी तो इथे येऊन गेला ना, तेव्हाचे फोटो त्याने आमच्या सभेत दाखवले."

"मागच्या वर्षी? इथे?"

बाईंनी मोबाइल पुढे केला. बाजार, बाग, नदीवरचा पूल. काका चष्मा पुसून एकेक फोटो बघत गेले.


शेवटचा फोटो पलीकडच्या फुटपाथवरून काढला होता: दुकानाचं दार सताड उघडं, आणि आत मान खाली घालून शिवत बसलेले काका.