उदमांजराची पूजा

तुम्पेकचा दिवस होता, जनावरांचा सण. बाली बेटावरच्या त्या गावातली गाईगुरं सकाळीच न्हाऊन, कपाळाला तांदूळ लावून घेऊन निवांत रवंथ करत बसली होती. नेंगाच्या कॉफीच्या मळ्यात मात्र पूजा थांबवून ठेवली होती. परदेशी पाहुण्यांची गाडी यायची होती.

नेंगाची वहिनी सुकर्ती पूजेचं ताट घेऊन पिंजऱ्यापाशी ताटकळत होती. पिंजऱ्यात एक उदमांजर. त्याला कॉफीची फळं खाऊ घालायची, त्याच्या विष्ठेतून बिया वेचायच्या, धुवायच्या, भाजायच्या आणि पाहुण्यांना पाजायच्या, हा मळ्याचा धंदा. विष्ठेची सुकर्तीला कधी किळस आली नाही. रानातल्या उदमांजराच्या अंगाला आंबेमोहर शिजत असल्यासारखा वास येतो. हे मात्र नुसतं नासल्यासारखं घाण मारायचं. रोज नुसती कॉफीची फळं खाऊन त्याच्या पाठीवरचे केस झडले होते आणि शेपटी त्याने स्वतःच हाडापर्यंत कुरतडली होती. सोड रे त्याला, असं ती दिराला कितीदा म्हणाली होती. तो म्हणायचा, सोडू, सोडू.

गाडी आली. पाहुण्यांची सकाळ विणकराच्या मागावर आणि दारूच्या भट्टीवर गेली होती. चेहरे लाल, हसू सैल. नेंगाने पाठ केलेलं म्हणून दाखवलं, की आम्ही जनावर दोन आठवडे ठेवतो आणि पुन्हा रानात सोडून देतो. सात महिन्यांपूर्वीच्या तुम्पेकलाही त्याने याच पिंजऱ्यापुढे, याच उदमांजराकडे बोट दाखवून हेच सांगितलं होतं. मग दिवसा झोपणाऱ्या त्या जिवाला काठीने डिवचून जागं केलं. डोळे मिटलेलं जनावर फोटोत चांगलं दिसत नाही.

"वहिनी, कर सुरू," तो म्हणाला. "जरा सावकाश."

सुकर्तीने तीर्थ शिंपडलं. तांदूळ लावायला गजांतून हात घातला, तर ते चावलंही नाही. कपाळ पुढे करून उभं राहिलं. आता रीतीप्रमाणे देवाला सांगायचं, की याला असंच सुखात राहू दे.  तिला स्वतःच्या हातांची शिसारी आली. तिने डोळे मिटले आणि ओठ हलवले.

पाहुण्यांतल्या एका बाईला गहिवरून आलं. हिने देवाकडे काय मागितलं, असं तिने विचारलं. नेंगाने प्रश्न वहिनीला सांगितला.

"याला आज रात्रीच्या आत मरण दे, म्हटलं," सुकर्ती म्हणाली.

नेंगाच्या चेहऱ्यावरची रेघही हलली नाही. पाहुण्यांकडे वळून त्याने त्यांच्या भाषेत सांगितलं, की उदंड आयुष्य मागितलं. सगळ्यांनी हात जोडले. त्या बाईने डोळे पुसले आणि कॉफीचा पेला तोंडाला लावला.

मग तो वहिनीच्या जवळ सरकला. चिडला वगैरे नव्हता.

"मरण मागायला माझी ना नाही, वहिनी," तो हळूच म्हणाला, "पण हंगाम तरी संपू द्यायचास."