रिकामी वाटी

दृष्टी गेल्यापासून पांडुरंगकाका पानवेलींच्या वाडीत जाईनात, कोणाशी बोलेनात. तेव्हा प्रेमलाकाकू त्यांच्यासाठी आगाशीच्या वाचनालयातून पेन ड्राइव्हवर बोलकी पुस्तकं भरून नेऊ लागल्या. सुनेच्या कॉम्प्युटरवर काका ती ऐकत बसत.

आज काकू पेन ड्राइव्ह परत द्यायला आल्या.

"काकू, ऐकून झालेली पुस्तकं पुसलीत ना?" ग्रंथपाल हेमांगीने विचारलं.

"पुसली गं. पण शेजारणीची वाटीसुद्धा मी कधी रिकामी परत देत नाही. तुमच्याकडून तर एवढं नेलंय."

हेमांगीने पेन ड्राइव्ह लावला. आत एकच फाइल होती. तिने ती सुरू केली, तसा आवाजात कोणीतरी घसा खाकरला.

"नमस्कार. मी पांडुरंग. मला दिसत नाही, पण पानवेल कशी लावायची ते सांगतो. ऐका."